रत्नं कापण्याच्या यंत्रांची देखभाल: आधी गाळ, मग ग्रीस

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोट्या कार्यशाळेत तीन यंत्रं आहेत: तेलाच्या टाकीची १० इंची स्लॅब सॉ (दगडाचे सपाट काप, म्हणजे स्लॅब, काढणारी करवत), सहा चाकांचं ८ इंची कॅबिंग मशीन (दगड घासून घुमटाकार करणारं) आणि पैलू पाडायचं फॅसेटिंग मशीन. रोज, आठवड्याला, महिन्याला नेमकं काय करायचं? शिवाय दोन तक्रारी आहेत. करवतीचं ब्लेड हल्ली हळू कापतं आणि स्लॅब सरळ निघत नाही. आणि ३००० ग्रिटच्या, म्हणजे सर्वांत बारीक कणांच्या, चाकावरून उतरलेल्या दगडावर अधूनमधून एखादा खोल ओरखडा राहतोच.

वेळापत्रक पुढे देतो. पण ते पाळूनही यंत्र झिजतं, कारण या धंद्यातली झीज वेगळ्या वाटेने येते. अकीक, जास्पर, स्फटिक यांची कठीणता मोह्स मापावर साडेसहा ते सात, माणकाची आणि नीलमची नऊ. साध्या पोलादावर यांचा कण सहज ओरखडा काढतो. म्हणजे दगड घासताना जो गाळ तयार होतो तो स्वतःच एक घासणारा लेप असतो, आणि त्यात चाकांवरून सुटलेले हिऱ्याचे कणही मिसळलेले असतात. हा गाळ बेअरिंगमध्ये गेला की बेअरिंग संपतं, लॅपखाली (फॅसेटिंग मशीनच्या घासणाऱ्या चकतीखाली) गेला की लॅप डगमगतो, बारीक चाकावर गेला की ओरखडे उठतात. त्यामुळे तेल-ग्रीसच्या आधी गाळाची वाट अडवायला शिका. बहुतेक दुरुस्त्या तिथेच वाचतात.

दिवस संपताना

रोजच्या कामात सगळ्यात मोलाची आहेत ती शेवटची पंधरा मिनिटं. गाळ ओला असतो तोवर फडक्याने पुसला जातो. रात्रभर सुकला की खरवडावा लागतो, आणि खरवडताना जी धूळ उडते ती फुप्फुसात जाते. क्वार्ट्झ जातीच्या दगडांची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. म्हणून सुकलेला गाळ झाडूने झाडायचा नाही आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तर कधीच उडवायचा नाही. पाणी मारा, भिजू द्या, मग पुसा. अंगावरचा एप्रनही कोरडा झटकू नका, थेट पाण्यात टाका.

कॅबिंग मशीनचं पाणी बंद केल्यावर चाकं आणखी मिनिटभर रिकामी फिरू द्या. चाकात आणि फोममध्ये मुरलेलं पाणी त्याने बाहेर फेकलं जातं. जुन्या पद्धतीची सिलिकॉन कार्बाइडची चाकं असतील तर हे टाळूच नका. ती पाणी शोषतात. उभी राहिली की पाणी खालच्या अर्ध्या भागात उतरतं आणि सकाळी चाक एका बाजूला जड झालेलं असतं. तशा चाकाला पूर्ण वेग दिला की मशीन हादरतं आणि चाक फुटूही शकतं. याच कारणासाठी चाकाचा तळ तसराळ्यातल्या साचलेल्या पाण्यात रात्रभर बुडालेला ठेवायचा नाही.

तसराळी रोज रिकामी करा. हे पाणी मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका. दगडाचा गाळ पाइपच्या वाकणात बसतो आणि तिथे घट्ट होतो. तीन बादल्या ठेवा. पहिलीत ओता, दुसऱ्या दिवशी वरचं निवळ दुसरीत, तिथून तिसरीत. तिसरीतलं पाणी टाकायला हरकत नाही. तळचा गाळ ओला असतानाच पिशवीत भरा आणि घनकचऱ्यात द्या. मॅलाकाइटसारखे तांब्याचे दगड घासत असाल तर तो गाळ वेगळा ठेवा. तो मातीत किंवा झाडांना घालण्याजोगा नसतो.

करवत: हळू का कापते

ब्लेड हळू कापायला लागलं की पहिला संशय येतो तो ब्लेड संपल्याचा. बहुतेक वेळा ते संपलेलं नसतं, त्याची धार बुजलेली असते. ब्लेडच्या कडेच्या धातूत हिऱ्याचे कण रुतलेले असतात. कापताना धातू थोडा थोडा झिजतो आणि नवे कण वर येतात. अकीकासारखा घट्ट, बारीक पोताचा दगड सतत कापला की धातू झिजण्याऐवजी चोपडा होतो, वर आलेले कण बोथट होतात आणि नवे निघत नाहीत. तपासायला प्लग काढा, ब्लेड पुसा आणि कडेवरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवा. धार जागी असेल तर नख अडखळतं, बुजलेली असेल तर सरळ घसरतं. भिंगातून पाहिलं तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. चांगल्या कडेवर प्रत्येक कणाच्या मागे धातूची छोटी शेपटी असते, तीच त्या कणाला आधार देते. ब्लेडवरच्या बाणाची दिशा पाळायची ती यासाठी. ब्लेड उलटं बसवलं की शेपटी कणाच्या पुढे येते, मागचा आधार जातो आणि कण उपटले जातात.

धार काढायला सिलिकॉन कार्बाइडच्या जुन्या चाकाचा तुकडा, ड्रेसिंग स्टिक किंवा वाळूची मऊ वीट चालते. तेल चालू ठेवून हलक्या हाताने १० ते १५ मि.मी. खोलीचे तीन-चार काप घ्या आणि थांबा. पुन्हा नख फिरवा. अडखळलं की पुरे. त्यापुढचा प्रत्येक काप चांगले हिरेच वाया घालवतो. नव्या ब्लेडलाही आधी दोन-तीन काप विटेवर द्यावेत. पहिल्याच दिवशी अकीकाची मोठी गाठ लावली तर ते तिथेच बुजतं.

धार ठीक असूनही काप हळू होत असेल तर तेल पाहा. ब्लेडची कड तेलात ६ ते १० मि.मी. बुडलेली हवी. त्याहून कमी असेल तर कड तापते, जास्त असेल तर तेलाचा फवारा उडतो आणि मोटरवर ताण येतो. पातळी बरोबर दिसते पण तेल दाट झालेलं असतं, असंही होतं. एक काठी तळापर्यंत घाला आणि गाळाचा थर मोजा. थराचा माथा ब्लेडच्या खालच्या कडेपासून २५ मि.मी. अंतरावर आला की टाकी उपसायची वेळ झाली. मग किती आठवडे झाले याला अर्थ नाही. त्यापुढे ब्लेड तेलाऐवजी चिखल उचलतं, आणि तो चिखल ब्लेडच्या पोलादी पात्याला हिरे जिथे बसवलेत त्या जोडाखालीच झिजवत राहतो. पातं तिथे पातळ झालं की हिऱ्याचा तुकडा सुटून उडतो.

उपसण्याआधी टाकी एक रात्र शांत राहू द्या. सकाळी वरचं स्वच्छ तेल हळूच काढून घ्या, ते पुन्हा चालतं. खालचा चिखल जाड कापडी पिशवीत भरून बादलीवर टांगा. दोन-तीन दिवसांत त्यातलंही बरंच तेल ठिबकून निघतं. टाकीत नवं तेल घालताना खास दगड कापण्यासाठीचं किंवा उच्च फ्लॅश पॉइंटचं (म्हणजे सहज पेट न घेणारं) हलकं मिनरल ऑइलच घ्या. केरोसीन आणि डिझेलने ब्लेड छान चालतं असं सांगणारे भेटतील. पण त्यांचा फ्लॅश पॉइंट कमी असतो, आणि बंद झाकणाखाली त्यांचा फवारा, शेजारी मोटर आणि ठिणगी हा मेळ धोक्याचा आहे. वाफही श्वासाला वाईट.

पट्टा घसरत असेल तरी काप मंदावतो. दहा मिनिटं कापून झाल्यावर प्लग काढा आणि पुलीला हात लावा. घसरणाऱ्या पट्ट्याची पुली चांगलीच गरम लागते.

स्लॅब सरळ का निघत नाही

इथे स्लॅबच सांगते. चारही टोकांची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तोंडावर पोलादी पट्टी टेकवून उजेडाकडे धरा. दोन्ही तोंडं सपाट आहेत पण एक बाजू जाड आणि दुसरी पातळ, असं पाचरीसारखं निघालं तर दोन कापांच्या मध्ये दगड हलला आहे. ब्लेडचा दोष नाही. शिकंज्यात दगड किमान तीन ठिकाणी टेकलेला हवा, वेड्यावाकड्या गाठीला लाकडी पाचरी लावाव्या लागतात, आणि आवळल्यावर लाकडी हातोडीने ठोकून पाहायचं. शिकंजा आडवा सरकवण्याच्या स्क्रूतही ढिलाई असते. म्हणून जाडी ठरवताना नेहमी एकाच दिशेने फिरवत आणा, पुढे गेलात तर पूर्ण मागे येऊन पुन्हा या.

तोंडच वक्र असेल तर मात्र ब्लेड वाकतं आहे. कारणं या क्रमाने तपासा: बुजलेली धार, जोराने दिलेली फीड (दगड ब्लेडकडे ढकलणं), फ्लँजमधली (ब्लेडला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्यांमधली) घाण, आणि गाडी (शिकंजा वाहून नेणारा सरकता भाग) ब्लेडला समांतर नसणं.

फ्लँजकडे फार कमी लक्ष जातं. ब्लेड उतरवा, दोन्ही फ्लँज आणि ब्लेडचा मधला भाग स्पिरिटने पुसा, बोट फिरवून वर आलेली कणी शोधा. दोन्ही फ्लँज एकाच व्यासाचे हवेत. मग शाफ्टवरच्या फ्लँजच्या तोंडावर डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून शाफ्ट हाताने फिरवा. फरक ०.०५ मि.मी. च्या आत असावा. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ७५ मि.मी. च्या फ्लँजवरचा ०.०५ चा फरक २५० मि.मी. च्या ब्लेडच्या कडेला ०.१७ मि.मी. होतो. ब्लेडचं भोक शाफ्टपेक्षा मोठं असेल तर बरोबर मापाची बुश घाला. कागद किंवा पत्रा गुंडाळून काम भागवू नका. ब्लेड केंद्रातून सरकलं की कड एकाच बाजूने ठोके देत कापते.

समांतरता तपासायची रीत अशी. प्लग काढा. डायल गेज शिकंज्याला पक्का करा आणि त्याचं टोक ब्लेडच्या पुढच्या बाजूला, हिऱ्याच्या कडेच्या थोडं आत, पात्यावर टेकवा. त्या जागी पेनने खूण करा आणि आकडा वाचा. आता गाडी मागे न्या, आणि ब्लेड हाताने फिरवून तीच खूण मागच्या बाजूला आणा. पुन्हा वाचा. तोच ठिपका दोन्हीकडे वापरल्यामुळे ब्लेडचा स्वतःचा वाकडेपणा मोजमापात शिरत नाही, गाडीचाच फरक दिसतो. १० इंची ब्लेडला ०.१ मि.मी. च्या आत आणा. फरक जास्त असेल तर बेअरिंग ब्लॉकचे बोल्ट सैल करून शाफ्ट हलवा, गाडीचे रूळ सहसा हलवू नका. ही तपासणी तीन महिन्यांनी, आणि दगड अडकून करवत थांबली असेल तर त्याच दिवशी.

स्वयंचलित फीड असेल तर लीड स्क्रू (गाडी सरकवणारा लांब स्क्रू) आणि त्यावर बसणारा अर्धा नट आठवड्याला ब्रशने साफ करून तेलाचा पातळ हात द्या. तिथे जाड ग्रीस नको, ते गाळ धरून ठेवतं. काप संपल्यावर मोटर बंद करणारा लिमिट स्विचही आठवड्याला बोटाने दाबून पाहा. गाळाने तो चिकटला तर गाडी पुढे जाऊन अडते आणि ब्लेडवर दाब येत राहतो.

पाण्यावर चालणारी छोटी ट्रिम सॉ असेल तर तिचं पाणी रोज काढायचं, ब्लेड पुसायचं. पाण्यात उभं राहिलेलं ब्लेड पाण्याच्या रेषेवर गंजतं.

कॅबिंग मशीन आणि तो हट्टी ओरखडा

सहा चाकांच्या मशीनवर साधारण ८० आणि २२० ही पोलादी चाकं, तर २८०, ६००, १२००, ३००० ही फोमवरची रेझिनची मऊ चाकं असतात. ३००० नंतर ओरखडा दिसला की लोक ३००० चं चाक धुतात. आधी दोषी चाक कोणतं ते ठरवा. पूर्ण पॉलिश झालेला, १० पट भिंगाखाली निर्मळ दिसणारा अकीकाचा एक तुकडा केवळ तपासणीसाठी ठेवून द्या. तो ३००० वर पंधरा-वीस सेकंद हलका धरा, धुवा, पूर्ण कोरडा करा आणि भिंगातून पाहा. ओरखडा उठला तर ३००० वर परका कण आहे. नाही उठला तर चाक निर्दोष आहे. मग ओरखडा मागच्या टप्प्यावरून आला आहे, आणि पुष्कळदा तो ८० किंवा २२० चा असतो, जो २८० वर पुरता निघालाच नव्हता. ओला दगड असले ओरखडे लपवतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कोरडा करून पाहणं हाच त्यावरचा उपाय, आणि २८० वर आपण देतो त्याहून जास्त वेळ देणं.

३००० वर कण सापडलाच तर भरपूर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ नायलॉन ब्रश घेऊन चाक धुवा. तरी ओरखडे येत राहिले तर कण रेझिनमध्ये रुतला आहे. चाक थांबवा, प्लग काढा, कोरडं करा आणि त्यावरून जुना नायलॉनचा पायमोजा हलकेच सरकवा. कण असेल तिथे धागा अडकतो. भिंगाखाली सुईने तो उकरून काढा. नव्या पोलादी चाकावरही काही कण इतरांपेक्षा वर आलेले असतात आणि ते खोल चरे पाडतात. कामाचा दगड लावण्याआधी अकीकाचा टाकाऊ तुकडा चाकाच्या पूर्ण रुंदीवर काही मिनिटं फिरवा.

कण बारीक चाकावर पोचतो कसा? बहुतेक वेळा हातावरून, नखांतून, डॉपच्या (दगड लाखेने चिकटवून धरायच्या) काठीवरून आणि लाखेच्या खडबडीत कडेवरून. ८० वरून २२० वर जाताना दगड धुणं पुरत नाही. डॉप, लाख आणि हातही धुवायचे. ८० आणि २२० साठी एक आणि मऊ चाकांसाठी दुसरी, अशा दोन वाट्या पाणी आणि दोन ब्रश ठेवा. तेच पाणी पंपाने फिरवणारं मशीन असेल तर तो पंपच कण वाटत फिरतो. बादलीच्या तळाशी पंप ठेवू नका, विटेवर ठेवा, तोंडाला स्पंज लावा आणि पाणी रोज बदला. चाकांवरचं झाकण आतून पुसायला विसरू नका. तिथे ८० चा गाळ वाळून राहतो आणि मशीन हादरलं की खाली पडतो.

मऊ चाकावर दगडाची धारदार कड लावायची नाही. रेझिन फाटतं आणि फाटलेली कड दर फेरीला उचलली जाते. कडेचा बारीक उतार (चँफर) २२० वरच काढा. मऊ चाक कोरडंही फिरवू नये, रेझिन तापून चमकतं आणि कापणं सोडतं. पाणी पुरेसं आहे का याची साधी खूण अशी: दगड चाकावर धरल्यावर त्याच्या वरच्या कडेशी पाण्याची बारीक रेघ सतत दिसत राहिली पाहिजे.

चाकं उतरवताना एक लक्षात ठेवा. दोन टोकांच्या शाफ्टवर डाव्या टोकाच्या नटाला उलटे आटे असतात. तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. न सुटणाऱ्या नटाला लांब पाइप लावून जोर देण्याआधी आट्यांची दिशा पाहा.

बेअरिंग आणि पट्टे

महिन्यातून एकदा प्लग काढून पट्टा उतरवा आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग नुसतं फिरतं, त्याचं काही जाणवत नाही. गाळ शिरलेल्या बेअरिंगमध्ये बोटांना बारीक खरखर लागते, ती कानाला येण्याच्या कितीतरी आधी. मग शाफ्ट दोन्ही हातांनी वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर बेअरिंग बदलायचं, ग्रीस भरून भागत नाही.

ग्रीस निपल असलेल्या पेडेस्टल बेअरिंगला लिथियम बेसचं, घट्टपणा क्रमांक २ चं ग्रीस द्या, महिन्याला एक-दोन दाब. इथली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निपल न पुसता गन लावणं. निपलच्या तोंडावर बसलेला गाळ ग्रीसबरोबर थेट आत ढकलला जातो. आधी पुसा, गनचं तोंडही पुसा. ग्रीस कडेने डोकावायला लागलं की थांबा. जास्त दाबलं तर सील बाहेर येतं आणि मग पाण्याला वाट मोकळी. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेल्या, निपल नसलेल्या बेअरिंगला काहीच घालायचं नसतं. चालू मशीन अर्ध्या तासाने थांबवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. पाच-सहा सेकंद ठेवता आला नाही तर ते गरजेपेक्षा जास्त तापतं आहे. मात्र नुकतं ग्रीस भरलं असेल तर पहिल्या तासात थोडं तापणं साहजिक आहे.

पट्ट्याचा ताण दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहतात. केंद्रांमधल्या दर मीटरला १६ मि.मी. असा हिशेब, म्हणजे ४०० मि.मी. अंतराला ६ मि.मी. च्या आसपास. फार ताणला तर बेअरिंग मरतं. पट्ट्याखाली काळा भुगा पडत असेल तर पुली एका रेषेत नाहीत, सरळपट्टी लावून बघा.

फॅसेटिंग मशीन

इथे देखभाल म्हणजे अर्धं मोजमाप. ६० मायक्रॉनचा, म्हणजे २६० ग्रिटचा एक कण लॅप आणि प्लॅटनच्या (लॅप ज्यावर बसतो त्या फिरत्या तबकडीच्या) मध्ये राहिला तर लॅपची कड दर फेरीला साधारण तेवढी वर-खाली होते. ३ मायक्रॉनच्या हिऱ्याने पॉलिश करताना ही उसळी कणापेक्षा वीसपट मोठी. दगड ठोके खातो, कडा गोल होतात, टेबलवर (दगडाच्या माथ्याच्या सपाट पैलूवर) लाटा दिसतात. म्हणून लॅप बदलताना दर वेळी प्लॅटन आणि लॅपची पाठ पुसायची, शेवटी कोरडं बोट फिरवायचं. बोटाला जे लागतं ते डोळ्याला दिसत नाही.

प्लॅटन महिन्याला डायल गेजने तपासा. गेज स्थिर ठेवून प्लॅटन हाताने फिरवा, कडेला ०.०२ ते ०.०३ मि.मी. च्या आत फरक हवा. मग प्लॅटन स्थिर ठेवून क्विल (दगड धरणारा कोनाचा दांडा) आडवं फिरवत गेज प्लॅटनवरून न्या. पहिल्यात फरक आला तर दोष स्पिंडल किंवा प्लॅटनचा, दुसऱ्यात आला तर मास्ट (क्विल धरणारा खांब) उभा नाही. दोन्ही एकत्र मोजून गोंधळू नका.

कोनाचा शून्य तपासायला क्विलमध्ये घासून सरळ केलेली पोलादी कांडी घाला, ९० अंशांवर आडवी करा आणि लॅपपासून तिची उंची चकजवळ (कांडी धरणाऱ्या तोंडाजवळ) आणि ५० मि.मी. पुढे मोजा. ०.०२ मि.मी. फरक म्हणजे जेमतेम ०.०२ अंश, चालेल. त्याच कांडीवर गेज ठेवून क्विल पूर्ण फिरवा. इथे फरक आला तर चक वाकडा ठरवण्याआधी आतून साफ करा. बहुतेक वेळा लाखेचा किंवा गोंदाचा कण डॉपला तिरपा बसवतो. कापसाची काडी आणि स्पिरिट, दर डॉप बदलताना.

इंडेक्स गिअरच्या (पैलूंची जागा ठरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) दातांत आणि अडकवायच्या खिट्टीवर गाळ बसला तर खिट्टी पूर्ण खाली जात नाही आणि पैलू किंचित बाजूला पडतो. मऊ ब्रशने कोरडंच साफ करा, तेल नको, तेल गाळ धरतं. मास्टच्या खांबावर मात्र तेल टेकवलेल्या फडक्याचा एक हात पुरतो.

आता एक अगदी साधी गोष्ट, जिच्यामुळे स्पिंडल जातं. ताटाची निचरा नळी तुंबली की पाणी ताटात चढतं आणि मधल्या कंगोऱ्यावरून थेट स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये उतरतं. सकाळी काम सुरू करण्याआधी ताटात पेलाभर पाणी ओता आणि ते किती वेळात जातं ते पाहा. रेंगाळलं तर नळीत तार घाला. ठिबक तोटी पाण्याच्या क्षाराने चोंदत असेल तर ती व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा.

लॅप एकावर एक रचू नका. प्रत्येक लॅप वेगळ्या बंद पाकिटात, उभा. कथलाच्या किंवा तांब्याच्या लॅपवर एकाच मापाचा हिरा, आणि ते माप पाठीवर कोरलेलं. सीरियम ऑक्साइडच्या लॅपजवळ हिऱ्याची बाटली उघडूही नये.

वीज आणि वेळापत्रक

पाण्याजवळचं प्रत्येक यंत्र ३० मिलिअँपियरच्या आरसीडीवर (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) हवं, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्याला दाबायचं. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोळ घेऊन वर चढावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटऐवजी जमिनीवर पडतं. मोटरच्या पंख्यावर आणि चिरांत बसलेला गाळ ओल्या फडक्याने काढा, त्यावर पाण्याचा फवारा मारू नका. फॅसेटिंगच्या डीसी मोटरचे कार्बन ब्रश मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले की बदला. मोटर गुणगुणते पण सुरू होत नाही, हाताने ढकललं तर फिरते, असं झालं तर बहुधा कपॅसिटर गेला आहे. तो काढण्याआधी डिस्चार्ज करावा लागतो, ते काम इलेक्ट्रिशियनला द्या.

रोज करायचं ते सगळं वर आलंच: पाणी, पुसणं, निचरा नळी. आठवड्याला तेलाची पातळी आणि गाळाचा थर, लिमिट स्विच, लीड स्क्रू, झाकणांचा आतला भाग, आणि पुली व बेअरिंगच्या ग्रब स्क्रूंना (त्यांना शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या छोट्या स्क्रूंना) एकदा अ‍ॅलन की. महिन्याला बेअरिंग, पट्टे, प्लॅटन, आरसीडी. तीन महिन्यांनी फ्लँज, समांतरता, कोनाचा शून्य. यंत्र रोज आठ तास चालत असेल तर हे अंतर निम्मं करा. आठवड्यातून दोनदा चालत असेल तर मोजमापाचं वाढवलं तरी चालेल, पण साफसफाईचं नाही, कारण उभ्या यंत्रातला गाळ जास्त घट्ट बसतो. मोजलेले आकडे यंत्राशेजारी टांगलेल्या वहीत तारखेसह लिहा. प्लॅटनचा ०.०३ हा आकडा एकटा काही सांगत नाही. मागच्या तीन महिन्यांत तो ०.०१ वरून चढत आला असेल तर स्पिंडलचं बेअरिंग मागवायची वेळ आली आहे.

सुट्या भागांत प्रत्येक यंत्राचा एक पट्टा, बेअरिंगची एक जोडी, छोटा पंप, कार्बन ब्रश आणि ग्रब स्क्रू ठेवा. बेअरिंगचा नंबर आतल्या रिंगवर किंवा घरावर कोरलेला असतो, तो आत्ताच वहीत उतरवून घ्या. गंज चढला की वाचता येत नाही. आणि जुनं बेअरिंग काढल्यावर शाफ्टला त्या जागी नख फिरवा. चर लागला तर नवं बेअरिंगही तिथे सैल बसेल आणि दोन-चार महिन्यांत जाईल. तशा वेळी शाफ्टही बदलावा, वेल्डिंग करून खराद करून घेतलेला शाफ्ट करवतीला आणि चाकांना पुन्हा सरळ मिळत नाही.